डीव्हीडी 'बर्न' झाली, पण चालेना! लिनक्स संगणकावर दोष कसा शोधाल?



आजचा विषय जरा जुन्या वळणाचा वाटेल. पेनड्राइव्ह आणि मोबाईलच्या काळात डीव्हीडी कोण बर्न करतं? पण खेड्यातल्या अनेक घरांत टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून आहे. स्नेहसंमेलन झालं की पालक विचारतातच, "बाई, सीडी कधी मिळणार?" आणि बऱ्याच शाळांतले संगणक उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीवर चालतात. म्हणून हा लेख.

आधी माझी चूक सांगते. एका वर्षी आमच्या चौथीच्या मुलांचं शेवटचं संमेलन होतं. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी त्या दिवशी नाटकात धीटपणे बोलली. चित्रीकरण मी शाळेच्या संगणकावरून दोन डीव्हीडींवर घेतलं. पडद्यावर 'डिस्क यशस्वीरीत्या तयार झाली' असा संदेश आला. मी निश्चिंत झाले आणि कॅमेऱ्याचं कार्ड व संगणकातली फाईल दोन्ही पुसून टाकलं. पंधरा दिवसांनी त्या मुलीचे वडील म्हणाले, "बाई, अर्धीच लागते." दुसरी डीव्हीडी लावून पाहिली, तीही तिथेच अडखळली. नाटक पुढच्या अर्ध्या भागात होतं. ते गेलं ते गेलंच.

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली आहे : 'बर्न झाली' म्हणजे 'नीट लिहिली गेली' असं नाही. तपासल्याशिवाय मूळ फाईल पुसायची नाही.

आता दोष शोधायचा क्रम पाहू. एका वेळी एकच गोष्ट बदला. डिस्क, वेग, प्रोग्रॅम सगळं एकदम बदललं तर नेमकं कशामुळे जमलं ते कळतच नाही.

१) ड्राइव्ह लिहिणारा आहे का?
काही जुने ड्राइव्ह 'कॉम्बो' असतात. ते सीडी लिहितात, पण डीव्हीडी फक्त वाचतात. ड्राइव्हच्या पुढच्या पट्टीवर 'डीव्हीडी रायटर' किंवा 'डीव्हीडी आरडब्ल्यू' असं काही छापलंय का ते पाहा. सीडी बर्न होते आणि डीव्हीडी होत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

२) संगणकाला ड्राइव्ह दिसतो का?
टर्मिनल उघडून एलएसबीएलके ही आज्ञा द्या (पाचही अक्षरं इंग्रजी, लहान लिपीत, सलग). यादीत सहसा 'एसआर०' नावाची ओळ दिसते, तो आपला ड्राइव्ह. ती ओळच नसेल तर प्रोग्रॅमला दोष देऊ नका, आधी केबल तपासा. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर तो हबवर न लावता थेट संगणकाला जोडा. वीज कमी पडली तरी तो मध्येच बंद पडतो.

३) परवानगी आहे का?
मुख्य खात्यातून बर्न होतं, पण मुलांच्या खात्यातून होत नाही, असं असेल तर परवानगीची अडचण असू शकते. त्या खात्याला 'सीडीरॉम' या गटात घाला. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला विसरू नका, त्याशिवाय बदल लागू होत नाही. 'ड्राइव्ह व्यस्त आहे' असा संदेश आला तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये ती डिस्क उघडी आहे का ते पाहून तो बंद करा.

४) मावतंय का?
सीडीत साधारण ७०० एमबी मावतं. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, पण ते हजाराच्या हिशोबाने. १०२४ च्या हिशोबाने तेच सुमारे ४.३८ भरतं. म्हणून विंडोजवर ४.५ जीबी दिसणारी फाईल या डीव्हीडीत बसत नाही. (सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित जरूर द्या!) शिवाय काही वेळा बर्न करण्याआधी प्रोग्रॅम संगणकावर तात्पुरती प्रत बनवतो. तेवढी जागा हार्ड डिस्कवर मोकळी नसेल तर काम सुरुवातीलाच थांबतं.

५) डिस्क कशी आहे?
'आर' एकदाच लिहिता येते, 'आरडब्ल्यू' पुसून पुन्हा वापरता येते. सरावासाठी आरडब्ल्यू घ्या, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. कोऱ्या डिस्कलाही बोटांचे ठसे किंवा ओरखडे चालत नाहीत. एकाच गठ्ठ्यातल्या दोन-तीन डिस्क बिघडल्या तर वेगळ्या कंपनीची एक डिस्क लावून पाहा.

६) वेग किती ठेवला?
आपण सगळे घाईत १६ एक्स निवडतो. जुन्या ड्राइव्हला तो झेपेलच असं नाही. ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवून पाहा. माझ्या बाबतीत तोच ड्राइव्ह, त्याच गठ्ठ्यातली डिस्क, फक्त वेग कमी केला आणि डीव्हीडी शेवटपर्यंत चालली. बर्न चालू असताना संगणकावर दुसरं जड काम करू नका.

७) काय आणि कसं लिहिलं?
आयएसओ फाईल असेल तर 'इमेज बर्न करा' हा पर्याय निवडा. डेटा म्हणून टाकली तर डिस्कवर नुसती एक फाईल दिसते, त्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही. तसंच एमपी४ फाईल डेटा डीव्हीडीवर टाकली तर ती संगणकावर चालते, पण घरच्या बऱ्याच प्लेअरवर चालत नाही. त्यासाठी ब्रासेरोमध्ये 'व्हिडिओ प्रोजेक्ट' निवडा आणि आपल्याकडची 'पाल' पद्धत ठेवा. पुढे भर घालण्यासाठी डिस्क उघडी ठेवू नका, बंद न केलेली डिस्क प्लेअर अनेकदा ओळखत नाही.

८) तपासणी
केथ्रीबी या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला डेटा पडताळण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करा. ब्रासेरोतही डिस्क तपासण्याची सोय आहे. वेळ जवळपास दुप्पट लागतो, लागू द्या. त्यानंतर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर किंवा प्लेअरवर लावा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी पाहा. आमची डीव्हीडी मी फक्त सुरुवातीला पाहिली होती, तिथेच घात झाला.

एक सूचना. प्रत्येक प्रयत्नाची वहीत नोंद ठेवा : तारीख, कोणती डिस्क, किती वेग, काय झालं. चार-पाच नोंदींनंतर दोष कुठे आहे ते बहुधा आपोआप समोर येतं.

खरं तर आपण वर्गात हेच करतो ना? मुलाची वजाबाकी चुकली की आपण लगेच 'गणित कच्चं' म्हणत नाही. हातचा घ्यायला विसरला की एकक-दशकाची मांडणी चुकली, ते एकेक करून पाहतो. संगणकालाही तेवढाच धीर दाखवूया.

ती मुलगी आता हायस्कूलला आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा हसत म्हणाली, "बाई, माझं नाटक सापडलं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून एवढं लिहिलं. या वर्षीच्या संमेलनाची डीव्हीडी तीन ठिकाणी पाहून झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका.