घरचे कुत्रे आणि रेबीज

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी कुत्र्या-मांजरांचे उपचार शिकवतो. पाथरी, मानवतकडूनही लोक आपली कुत्री आमच्याकडे घेऊन येतात. नव्या विद्यार्थ्यांना माझा पहिला धडा एकच असतो : कुत्र्याला हात लावण्याआधी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस टोचून घ्या. पण ज्यांच्या अंगाखांद्यावर ते कुत्रे खेळते, ती मंडळी म्हणतात, “साहेब, घरचं पिल्लू हाय, ते काय पिसाळतंय?”

पिसाळलेले कुत्रे म्हणजे धावून चावणारे, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. रेबीजचा दुसरा प्रकार मुका असतो. कुत्रे अंधाऱ्या कोपऱ्यात बसते, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे समजून मालक तोंडात हात घालतो. येथेच घात होतो. असे कुत्रे दिसल्यास तोंडात हात न घालता त्याला वेगळे ठेवावे आणि पशुवैद्यकास बोलवावे.

या रोगाचे विषाणू लाळेतून जखमेत शिरतात व मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातात. या प्रवासास बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढाच काळ आपल्या हाती असतो. एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कुत्रे चावल्यास पुढील गोष्टी कराव्यात.

1) जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावू नये.

2) त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नखाचा साधा ओरखडा असला तरीही लस लागते. रक्त आले असेल किंवा फुटलेल्या कातडीवर कुत्र्याने चाटले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

3) कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवावी, मात्र तोवर लस लांबवू नये.

4) डॉक्टरांनी दिलेल्या तारखा चुकवू नयेत. पोटातील 14 इंजेक्शनांची भीती आता नको. ती जुनी लस बंद झाली आहे. आता मोठ्यांना दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात.

5) मुलांना सांगून ठेवावे की कुत्र्याने ओरबाडले तर घरी लपवायचे नाही.

मुळात ही वेळ येऊ नये यासाठी पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला लस टोचावी, पशुवैद्यक सांगतील तेव्हा दुसरी मात्रा द्यावी व पुढे दरवर्षी टोचत राहावे. मांजरालाही हाच नियम लागू आहे.

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवसाची वाट न पाहता, वाचकहो, आपल्या कुत्र्याचे लसीचे कार्ड काढून शेवटची तारीख आजच पाहा. कार्डच नसेल, तर उद्या सकाळी त्याला घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.