नाताळची ताटली आणि अजिंठ्याची नक्षी

चिनी मातीच्या भांड्यांविषयी वाचीत असताना डेन्मार्कमधील एका प्रथेने माझे लक्ष वेधून घेतले. कोपनहेगनच्या बिंग अँड ग्रोंडाल या कारखान्याने १८९५ साली नाताळनिमित्त एक निळी-पांढरी ताटली काढली. गोठलेल्या खिडकीतून दिसणारे शहर हे तिच्यावरील चित्र फ्रान्स ऑगस्ट हालिन याचे. त्या वर्षाच्या ताटल्या निघाल्या की साचा मोडून टाकावयाचा, पुढल्या नाताळाला नवे चित्र! दुर्मिळता अशी ठरवून निर्माण करता येते, हे व्यापाऱ्यांनाच सुचावे. १८५३ साली सुरू झालेला हा कारखाना १९८७ मध्ये रॉयल कोपनहेगनमध्ये विलीन झाला. ताटल्या मात्र निघतच राहिल्या.

रंग निळाच का, याचे उत्तर भट्टीत आहे. चिनी माती सुमारे १३००-१४०० अंश सेल्सिअसला भाजतात. झिलईखाली इतकी आच सोसणारे रंग थोडे. त्यांत कोबाल्टचा निळा सर्वांत भरवशाचा.

पण मला अधिक जवळची वाटते ती मुंबईची हकीकत. १८५७ साली सुरू झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी या अधीक्षकाने १८७० नंतरच्या दशकात कुंभारकामाचा विभाग उभा केला. त्यासाठी त्याने सिंधमधील कारागिरांची परंपरा आणली. तांबड्या मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यावयाचा, त्यावर नक्षी काढावयाची आणि वरून काचेसारखी झिलई चढवावयाची, अशी ती रीत. म्हणजे ही चिनी माती नव्हेच. धारूरच्या बाजारात उन्हाळ्यात मिळणाऱ्या माठाचीच ती नटलेली बहीण म्हणावी.

याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स हे त्याच शाळेचे विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले प्रमुख. आपल्यासारखेच विद्यार्थी, पण अंधाऱ्या लेण्यांत हंगामामागून हंगाम काढणारे! तेथील कमळे, वेली, प्राणी मुंबईच्या ताटल्यांवर आणि फुलदाण्यांवर उतरले. मराठवाड्यातील भिंतीवरची नक्षी अशी साहेबांच्या दिवाणखान्यात पोहोचली.

नकलांचे नशीब मात्र वाईट. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या आधीच्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या चमूचे कामही १८८५ साली पूर्ण झाले आणि त्याच वर्षी साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतील बरेच जळाले. मूळ चित्रांचे पोपडे तर आजही निघत आहेत. डेन्मार्कने आपले साचे हौसेने मोडले; येथे जे टिकावे म्हणून काढले तेच आगीत गेले, आणि शोभेची म्हणून दुय्यम समजली गेलेली ही मातीची भांडी, आग पचवूनच जन्मलेली, मागे राहिली.

कलाशाळेची अशी भांडी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. मुंबईस जाणाऱ्या मित्रांनी ती पाहावीत आणि त्यांच्यावरील नक्षी अजिंठ्याच्या छतांशी ताडून पाहावी.