जुन्या ठिबक नळ्या व धातूंचे उत्प्रेरक

ठिबकाच्या जुन्या नळ्या, फाटके मल्चिंग पेपर व पीव्हीसी पाइपांचे तुकडे यांचे ढीग आतां पुष्कळ शेतांच्या बांधांवर दिसतात. नंदुरबार जिल्ह्यांतील मणिबेली हें गांव सरदार सरोवराच्या कांठीं आहे. अशा ठिकाणीं नाल्यांत टाकलेलें प्लॅस्टिक पावसाळ्यांत जलाशयांत जातें. जाळावें तर विषारी धूर होतो. तेव्हां तिसरा मार्ग कोणता, याचा विचार येथें करूं.

पॉलिथीन म्हणजे एथिलीन वायूच्या कणांची लांबच लांब माळ होय. जर्मनींत कार्ल झिग्लर यांनीं १९५३ सालीं टायटॅनियम व अॅल्युमिनियम यांच्या संयुगांच्या योगानें ही माळ थोड्या दाबाखालीं गुंफून दाखविली. जो पदार्थ क्रिया घडवून आणतो, पण स्वतः तींत खर्च होत नाहीं, त्यास उत्प्रेरक म्हणतात. धातूंच्या साहाय्यानें गुंफलेली माळ धातूंच्याच साहाय्यानें तोडतांही येते. २०२० सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत प्लॅटिनम वापरून सुमारें २८० अंश सेल्सियस उष्णतेंत पॉलिथीनपासून धुण्याच्या द्रव्यांस उपयोगी पडतील अशीं तेलें मिळविलीं. पाण्याच्या बाटल्यांचें प्लॅस्टिक जस्ताच्या क्षाराच्या योगानें ग्लायकॉलमध्यें तापविल्यास त्याचे घटक सुटे होतात व त्यांपासून पुन्हां नवें प्लॅस्टिक करतां येतें. आपल्याकडे पुण्यांतही प्लॅस्टिकपासून इंधनतेल काढण्याचें काम रुद्र एन्व्हायरन्मेंटल सोल्यूशन या संस्थेनें केलें आहे.

परंतु यांत एक अडचण आहे. पीव्हीसींत क्लोरीन असतो. तें तापल्यावर तीव्र आम्ल सुटतें व त्यानें उत्प्रेरक आणि भांडें दोन्ही बिघडतात. एका गटाची नोंद दुसऱ्या गटाच्या उताऱ्यावर चढली म्हणजे दोन्ही उतारे निरुपयोगी होतात, हें आम्हीं महसुली दप्तरांत पुष्कळ वेळां पाहिलें आहे. प्लॅस्टिकच्या मिश्र ढिगाचेंही तसेंच समजावें.

निवड करण्याची रीत सोपी आहे. बोटभर तुकडा कापून माती धुवावी, पाण्यानें भरलेल्या बादलींत खालपर्यंत दाबावा व सोडावा. पॉलिथीन पाण्याहून हलकें असल्यानें वर येतें. पीव्हीसी तळाशीं राहतें. बाटलीचा तुकडाही बुडतो, म्हणून बाटल्या पाहूनच निराळ्या काढाव्या. खतांच्या विणलेल्या पिशव्या तरंगतात, पण त्यांचें प्लॅस्टिक वेगळें असतें. त्यांचाही ढीग निराळा करावा.

हंगाम संपून नळ्या गुंडाळतांनाच ही निवड करावी व माल सावलींत कोरडा ठेवावा. एकट्याच्या ढिगास गाडीभाडें परवडत नाहीं. सबब गांवच्या शेतकऱ्यांनीं एकत्र मिळून एकजिनसी माल जमवावा, आणि बांधावर जाळण्याची चाल अजिबात सोडावी.