तीन वस्तू, तीन पिशव्या

मे २०१८. लेक आठ महिन्यांची, मुलगा चार वर्षांचा. बाळ झाल्यानंतरची आमची पहिलीच सहल, तारकर्लीला. विठ्ठलवाडीहून पहाटेची लोकल, दिव्याला उतरून सकाळची कोकणची पॅसेंजर, कुडाळला उतरून पुढे रिक्षा असा बेत होता. मी चार दिवस बॅगा भरत होते. नोकरीवर रुजू झाल्यापासून माझं दूध कमी पडत होतं, त्यामुळे लेक पावडरच्या दुधावर होती.

बॅगा मी फार नीटनेटक्या भरल्या होत्या. चूक तिथेच झाली. दुधाच्या पावडरचा डबा खाऊच्या पिशवीत, बाटल्या भांड्यांच्या पिशवीत आणि गरम पाण्याचा थर्मास मोठ्यांच्या चहासोबत. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी, प्रत्येकाच्या हातात सारखं ओझं. घरी बघताना किती समाधान वाटलं होतं!

दिव्याला गाडी लागली आणि मे महिन्यातली ती गर्दी एकदम आत घुसली. मी, सासूबाई आणि दोन्ही मुलं एका डब्यात चढलो. हे आणि भाऊजी सामानासह पुढच्या डब्यात. पनवेल गेलं, पेण गेलं आणि लेक भुकेने रडायला लागली. माझ्याजवळ फक्त बाटल्या होत्या. पावडर आणि थर्मास पुढच्या डब्यात. पाय ठेवायलाही जागा नव्हती, तिथून इकडे यायचं कसं? फोन मध्येच लागायचा, मध्येच बंद पडायचा. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक एकेरी, क्रॉसिंगला गाडी थांबणारच. अशाच एका थांब्यावर भाऊजी धावत आले आणि खिडकीतून पावडरचा डबा देऊन गेले. थर्मास राहिलाच. तो आणायला ते वळले, तेवढ्यात गाडी हलली.

हातात बाटली, मांडीवर पावडर आणि उकळलेलं पाणी नाही. लेकीचा रडून रडून आवाज बसला होता. हुंदका यायचा, पण आवाज फुटत नव्हता. समोर बसलेल्या, सावंतवाडीला निघालेल्या मावशींनी आपला डबा उघडला, मऊ भात बोटांनी चिमटून चिमटून अगदी लगदा केला आणि चमच्याच्या टोकाने तिला भरवला. सहा महिने होऊन गेलेले होते म्हणून ते चाललं. तान्हं असतं तर? त्या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

पुढच्याच वर्षी, २७ जुलै २०१९ ला, आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली गाडी. हजाराच्या आसपास प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बायका आणि कितीतरी लहान मुलं. एनडीआरएफच्या बोटींनी सगळे सुखरूप बाहेर आले, पण तोवर दुपार झाली होती. एका रात्रीचा प्रवास म्हणून एका रात्रीपुरतंच दूध घेऊन किती आया निघाल्या असतील, हेच त्या दिवशी टीव्हीसमोर बसून माझ्या मनात येत होतं.

म्हणून आता ओळखीतलं कुणी बाळाला घेऊन निघालं की मी सांगते: बॅग भरताना वस्तू मोजू नका, तास मोजा. प्रवास आठ तासांचा असेल तर सोळा तासांचं दूध, खाऊ आणि लंगोट किंवा डायपर घ्या. आणि ते एकाच पिशवीत, जिच्या कडेवर बाळ तिच्याच खांद्यावर. ती पिशवी रॅकवर ठेवायची नाही, कुणाला धरायला द्यायची नाही.

पावडरचं दूध आधी कालवून नेऊ नका. गाडीतल्या उकाड्यात ते नासतं. एकेका वेळची पावडर मोजून छोट्या कोरड्या डब्यांत भरा, उकळतं पाणी थर्मासात घ्या. ऐनवेळी कालवा, बाळाच्या तोंडाला देण्याआधी मनगटावर थेंब टाकून पाहा आणि उरलेलं दूध तासाभरात फेकून द्या. सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर त्याला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, पाजत राहायचं. मोठ्या मुलांसाठी भाजलेल्या रव्याची किंवा नाचणीची पूड बरोबर असली की गरम पाण्यात पेज होते. माझ्या मुलाने वेफर्स खाऊन घाटात उलटी केली आणि त्याचे कपडे तळाच्या बॅगेत होते, तेव्हा एक जोड हाताशी ठेवाच.

औषधांच्या बाबतीत एकच पण महत्त्वाची गोष्ट. तापाच्या औषधाचे बाळासाठीचे थेंब सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतात. एकाचं माप दुसऱ्याला लावू नका. बाळाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबरबँडने बांधा. ओआरएसच्या पुड्या घ्या. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, ती ग्लासभर पाण्यात कालवायची नाही.

कपड्यांसाठी मी उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. जाळीचे फ्रॉक, चमकीच्या चपला. तारकर्लीच्या दमट हवेत लेकीच्या मानेवर घामोळं उठलं आणि चारही दिवस तिने जुनी, धुऊन मऊ झालेली सुती झबलीच घातली. नवं घ्यायचं तर जरूर घ्या, पण निघण्याआधी दोनदा धुऊन घालून बघा.

निघायच्या आदल्या रात्री ती एक पिशवी खांद्याला लावा, बाळाला कडेवर घ्या आणि एका हाताने बाटली तयार करून पाहा. जमलं नाही तर पिशवी पुन्हा भरा. विठ्ठलवाडीला लोकल अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही. कुणाच्या हातात काय असेल ते घरीच ठरवून निघा.