यंत्र आपोआप चालले, तरी जबाबदारी कोणाची?

आयुध निर्माणीच्या वरणगावला यंत्रे नवीन नाहीत. आता परिसरातील शेतांतही मोटारीला ‘ऑटो’ बसविलेला असतो. रात्रीची वीज आली की मालक घरी झोपलेला असला तरी पंप आपोआप सुरू होतो. समजा, त्याच क्षणी एखादा मजूर मोटारीचा पट्टा नीट करीत होता आणि त्याचा हात गेला. मालक म्हणतो, “मी तेथे नव्हतोच. मोटार आपोआप सुरू झाली, त्याचे नशीब!” वाचकहो, ही सबब शरीअतमध्ये टिकते काय?

काही जण येथे बुखारी व मुस्लिम यांनी नोंदविलेल्या हदीसचा आधार घेतील. मुक्या जनावराने केलेल्या इजेची भरपाई नाही, असा तिचा आशय आहे. परंतु जनावराला स्वतःची इच्छा असते. ते दावे तोडून पळते. मोटारीला इच्छा नसते. माणसाने जशी लावून ठेवली तशीच ती चालते. शिवाय जनावराबाबतही ही सूट सरसकट नाही. हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांची उंटीण एका बागेत शिरली, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी निर्णय दिला की दिवसा बाग राखणे बागवाल्याचे काम, रात्री जनावराने केलेले नुकसान मात्र त्याच्या मालकाने भरून द्यावे.

हनफी फुकहांचे या मसल्यात मत वेगळे आहे. पण विहिरीचा मसला त्यांनीही स्पष्ट केला आहे. स्वतःच्या जमिनीत विहीर खोदणाऱ्यावर दोष नाही. सार्वजनिक वाटेवर परवानगीविना खोदली आणि कोणी पडला, तर खोदणारा तेथे हजर नसतानाही जबाबदार ठरतो. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या संहितेतही हेच सूत्र आहे: प्रत्यक्ष कृती करणारा (मुबाशिर) हेतू नसला तरी भरपाई देतो; केवळ कारण ठरणारा (मुतसब्बिब) मर्यादा ओलांडली असेल तर देतो. मजुराला न सांगता ‘ऑटो’ चालू ठेवणे, पट्ट्यावर जाळी न बसविणे, ही मर्यादा ओलांडणेच होय.

यंत्र अधिक हुशार झाल्याने हा नियम बदलत नाही. २०१५ साली हरियाणातील मानेसर येथे कारखान्यातील रोबोटमुळे एका कामगाराचा जीव गेला. अशा वेळी जाब रोबोटला नव्हे, तो बनविणाऱ्यास, बसविणाऱ्यास व कामावर नेमणाऱ्यास विचारावा लागतो. देशाचा कायदाही याच दिशेने गेला आहे. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने आणले. मळणी यंत्रांसारख्या धोकादायक यंत्रांसाठी १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूसाठी उत्पादकाला जबाबदार धरले.

हेतू नव्हता म्हणून गुनाह हलका होईल. हक्क मात्र बुडत नाही. चुकून झालेल्या हत्येतही पवित्र कुरआनने (सूरह अन्-निसा, आयत ९२) वारसांना दियत देण्याचा आदेश दिला आहे.

म्हणून दुरुस्तीपूर्वी ‘ऑटो’ बंद करा, मुख्य स्विच पाडा आणि फ्यूज काढून दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात द्या. तरीही इजा झालीच, तर उपचार व भरपाई हे उपकार नव्हेत, कर्ज आहे. ते जकातीतून फेडता येत नाही; आपल्या डोक्यावरील देणे जकातीत मोजले तर देणेही राहते आणि जकातही. बंद्यांचा हक्क बंद्याला दिल्यावाचून केवळ तौबेने फिटत नाही.