विमानावर वीज पडली तर?

वळवाचे दिवस आले की आभाळ भरून येते. वारा सुटतो, वीज कडाडते. शेतातली माणसे घराकडे धाव घेतात. पण त्याच वेळी वर आभाळात एखादे विमान चाललेले असते. त्यात शंभर-दीडशे माणसे बसलेली असतात. त्यांना पळून जायला घर नाही की आडोसा नाही. मग त्यांचे काय होते? या पाठात आपण हे समजून घेऊ.

विमानावर वीज पडते का? होय, पडते. प्रवासी विमानावर सरासरीने वर्षातून एखादे वेळी तरी वीज पडते, असे जाणकार सांगतात. ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळतात. त्यामुळे ढगात विजेचा भार साठतो. अशा ढगाजवळून विमान गेले की पुष्कळदा ते विमानच वीज पडायला निमित्त होते. घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही वीज लागत नाही. आभाळातली वीज मात्र सुमारे तीस हजार अँपिअरची असते. कधी कधी त्याहूनही पुष्कळ मोठी असते.

तरीही आत बसलेली माणसे सुखरूप राहतात. ती कशी?

पाटाचे पाणी डोळ्यांपुढे आणा. पाट धड असला म्हणजे पाणी सरळ वाहून जाते. पाट मध्येच फुटला तर पाणी वाटेल तिकडे घुसते आणि पिकाची नासाडी करते. विजेचेही तसेच आहे. तिला धातूची सलग वाट मिळाली की ती त्या वाटेने निघून जाते. विमानाचे अंग बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे असते. वीज विमानाच्या नाकावर किंवा पंखाच्या टोकावर पडते, बाहेरच्या पत्र्यावरून धावते आणि शेपटीकडून निघून जाते. आत शिरत नाही.

ही गोष्ट मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३६ साली दाखवून दिली. त्याने लंडनमध्ये बारा फूट लांब-रुंद-उंच असा एक मोठा पेटारा केला. त्याला बाहेरून तारा आणि धातूचा पातळ पत्रा गुंडाळला. मग स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून विजेच्या ठिणग्या उडत होत्या. आत मात्र त्याच्या नाजूक यंत्रांवर विजेची खूणही उमटली नाही. विमान म्हणजे असाच उडता पेटारा!

पण एवढ्याने काम भागत नाही. हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत मेरीलँड राज्यातील एल्क्टन गावाजवळ एक बोइंग ७०७ विमान वादळामुळे उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालत होते. त्यावर वीज पडली. डाव्या पंखातल्या तेलाच्या टाकीत वाफ साठली होती, तिने पेट घेतला. पंख तुटला आणि विमानातली सर्व ८१ माणसे मरण पावली. त्यानंतर विमान बांधणाऱ्यांनी तेलाच्या टाकीकडे अधिक लक्ष दिले.

आता काय काळजी घेतात ते पाहू.

टाकीभोवतीचा पत्रा वीज पडून भोक पडणार नाही एवढा जाड ठेवतात. टाकीची झाकणे, नळ्या आणि सांधे असे बसवतात की ठिणगी उडू नये. अनेक विमानांत टाकीच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन वायू सोडतात. त्यामुळे आग धरायला पुरेसा प्राणवायूच उरत नाही.

दारे, बिजागऱ्या, पंखांचे हलते भाग हे सगळे धातूच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडतात. हेतू हाच, की पाट कोठे फुटू नये.

विमानाच्या नाकात रडार असते, म्हणून नाक धातूचे करता येत नाही. त्यावर धातूच्या बारीक पट्ट्या बसवतात. नव्या बोइंग ७८७ विमानाचे तर जवळजवळ निम्मे वजन धातूचे नाही, कार्बनच्या धाग्यांचे आहे. त्यात वीज सहज वाहत नाही. म्हणून त्याच्या कातडीत तांब्याची बारीक जाळी घालतात.

पंखांच्या मागच्या कडेला बारीक काड्या दिसतात. त्या वीज टाळतात असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नव्हे. हवेशी घासून विमानावर जो भार साठतो तो त्या सोडून देतात, म्हणजे रेडिओत खरखर होत नाही.

एवढे असूनही वैमानिक वादळी ढगात मुद्दाम शिरत नाही. तो ढगाला वळसा घालतो. वीज पडलीच, तर खाली उतरल्यावर कारागीर विमानाची कसून तपासणी करतात. शहाणा माणूस कवच असले तरी संकटाला निमंत्रण देत नाही.

आता आपल्यापुरते पाहू. शेतात आपल्याभोवती पत्र्याचे कवच नसते. म्हणून गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जावे. बंद पत्र्याची मोटार किंवा एस.टी. जवळ असेल तर आत बसून काचा लावून घ्याव्यात. झाडाखाली कधीही उभे राहू नये. ट्रॅक्टर किंवा सायकल आपले रक्षण करीत नाही. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाची सोय केली आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असला तर तिच्यामुळे मोबाइलवर सूचना मिळते.

आणखी एक गोष्ट. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसेल, अशी भीती लोकांना वाटते. ही भीती खोटी आहे. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. त्याला ताबडतोब मदत करा आणि दवाखान्यात न्या. वेळेवर मिळालेल्या मदतीने जीव वाचू शकतो.

प्रश्न :
१. विमानावर पडलेली वीज आतल्या माणसांना का लागत नाही?
२. तेलाच्या टाकीत नायट्रोजन वायू का सोडतात?
३. आपल्या शेताजवळ वीज कडाडली तर आसरा कोठे घ्यावा, हे घरातल्या सर्वांना सांगितले आहे काय?