आधी कागद, मग करडू

अगं, तू पाठवलेला निळ्या डोळ्यांच्या करडाचा फोटो बघितला. गोडच आहे, नाही म्हणत नाही. पण डोळ्यांवर भाळून पैसे मोजू नकोस. नायजेरियन ड्वार्फ जातीत आई-बापांपैकी एकाचे डोळे निळे असले तरी करडाला ते येऊ शकतात, त्यात अप्रूप काही नाही. आणि शेळ्यांच्या शोच्या रिंगणात डोळ्यांना नि रंगाला कुणी गुण देत नाही.

विकणाऱ्या बाई काय म्हणाल्या? ‘रजिस्टर करता येईल’? मग नीट ऐक. ‘करता येईल’ आणि ‘झालंय’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ‘फक्त फॉर्म पाठवायचा राहिलाय’ म्हणणारे या अमेरिकेत पैशाला पासरी भेटतील. तू सरळ सांगायचंस, फॉर्म भरून, सही करून हातात द्या, मी पैसे देते. यात भीड ठेवायची नाही. भीड ही भिकेची बहीण, आपली आई उगाच म्हणत नाही.

करडाचा बाप दुसऱ्या कुणाचा असेल तर आणखी एक कागद लागतो, सर्व्हिस मेमो. अमुक तारखेला अमुक शेळी माझ्या बोकडाकडून भरवली, अशी बोकडाच्या मालकाची सही असलेली चिठ्ठी. ती नसली की नोंदणी तिथेच अडते. उद्या तू तुझी शेळी बाहेर नेशील तेव्हाही चिठ्ठी त्याच दिवशी घेऊन ये. पाच महिन्यांनी शेळी व्यायली की तू करडांत गुंतशील आणि तो माणूस फोन उचलायचा नाही.

आता नोंदणी कुठे करायची? इथली सगळ्यांत मोठी संस्था म्हणजे अमेरिकन डेअरी गोट असोसिएशन, 1904 सालची. सगळे तिला एडीजीए म्हणतात. तिने नायजेरियन ड्वार्फला दुभत्या जातींत घेतलं ते 2005 मध्ये. अमेरिकन गोट सोसायटीने मात्र या जातीची वंशावळ-वही 1984 मध्येच उघडली होती. पण तुला ती लांब लोंबत्या कानांची मिनी न्युबियन आवडली असेल, तर गोष्ट वेगळी. मोठी न्युबियन शेळी आणि नायजेरियन ड्वार्फ बोकड यांच्या संकरातून ती आली. अशा ‘मिनी’ जातींना एडीजीए आपल्या जातींत धरत नाही, त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था निराळ्या आणि त्यांचे शोही थोडे. म्हणून आधी तुझ्या काउंटीच्या आसपास कोणत्या संस्थेचे शो भरतात ते बघ, जात त्यानंतर ठरव. लोक नेमकं उलट करतात.

कागद हातात आला की करडाचा कान बघायचा. उजव्या कानात कळपाचं गोंदण असतं, डाव्या कानात वर्षाचं अक्षर आणि त्या वर्षातला जन्माचा क्रमांक. काळ्या कानावरही दिसावी म्हणून शाई बहुतेक हिरवी वापरतात. अंधाऱ्या गोठ्यात टॉर्च कानाच्या मागून धर, म्हणजे अक्षरं उजळून दिसतात. कागदावरचं आणि कानातलं एक अक्षर जरी वेगळं निघालं, तरी खरेदी तिथेच थांबव. शोमध्ये पहिली आलेली शेळीसुद्धा परीक्षक कान तपासूनच मान्य करतात.

शिंगांचंही आत्ताच बोलून घे. एडीजीएच्या शोमध्ये शिंगं असलेली शेळी चालत नाही. करडू आठ-दहा दिवसांचं असतानाच शिंगांच्या कळ्या डागतात. हे पशुवैद्याकडून, भूल देऊनच करून घे. आईला फोनवर सांगू नकोस, ती जेवायची नाही.

नायजेरियन ड्वार्फच्या उंचीला मर्यादा आहे, मादीला साडेबावीस इंच, नराला साडेतेवीस. चांगलं खायला घालून उंच करू म्हणशील तर रिंगणाबाहेर जाशील.

व्यालेल्या शेळीला गुण कसे मिळतात ते कळलं की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. शंभरातले 35 एकट्या कासेचे, 35 एकंदर ठेवणीचे, म्हणजे पाय, पाठ, खांदे वगैरे, 20 दुधाळपणाचे आणि 10 शरीराच्या धारणक्षमतेचे. म्हणून करडू निवडताना करडाकडे कमी आणि त्याच्या आईच्या कासेकडे जास्त बघ. मागून बघ, कास उंच आणि रुंद जोडलेली आहे का, सड सारखे आहेत का. मग स्वतः धार काढून बघ, सड बोटांत नीट येतात का. या जातीच्या दुधात स्निग्धांश सहा टक्क्यांच्या आसपास असतो, खरवस तर विचारूच नकोस. पण इवल्याशा सडांना रोज सकाळ-संध्याकाळ पिळायचं तुलाच आहे.

शोच्या दिवशी कास भरलेली दिसावी म्हणून काही जण धार काढायचं लांबवतात. तू तसलं काही करू नकोस. कास टणक झालेली शेळी पाय फाकवून चालते, परीक्षकाला ते लगेच दिसतं आणि जनावराचे हाल होतात ते निराळेच. पांढरा शर्ट, पांढरी पँट घाल. परीक्षक आणि तू यांच्या मधे कायम शेळी असू दे. गळपट्टा धरून चालायचा सराव घरी आठवडे आधी सुरू कर. शोहून आणलेली शेळी तीन-चार आठवडे बाकीच्यांपासून वेगळी बांध. विकत घेतानाही सीएईच्या रक्ततपासणीचा अहवाल माग, हा रोग आईच्या दुधातून करडांत उतरतो.

आणि एकटं करडू आणू नकोस. शेळी कळपातली, एकटी पडली की दिवसभर ओरडते आणि मग शेजारी तक्रार करतात. दोन घे, दोन्ही पाटी. बोकड सध्या नकोच, त्याचा वास भाऊजींच्या गाडीच्या सीटपर्यंत पोचेल. आणि हे सगळं करण्याआधी उद्या टाउनशिपच्या ऑफिसात फोन करून तुझ्या जागेत शेळ्या ठेवता येतात का ते विचार.